पक्ष्यांच्या पेट्या आणि फीडर: मापं, जोडणी, साफसफाई

मोजपट्टी
परसातल्या लाकडी घरट्यांवर इथे दर थोड्या दिवसांनी तेच प्रश्न येतात, म्हणून मापांसकट एकच धागा काढतोय. फीडरवर जाणकारांनी लिहावं, मी पेटीपुरतं लिहितो.

पेटी म्हणजे आयती ढोली. ज्यांना ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात अंडी घालायची सवय आहे तेच पक्षी त्यात येणार: चिमणी, साळुंकी, दयाळ, वल्गुली, पोपट, पिंगळा. बुलबुल, शिंपी, शिंजीर, मुनिया, होला यांच्यासाठी कितीही सुबक पेटी केली तरी ते ढुंकून बघणार नाहीत, कारण ते उघड्यावर किंवा पानांत स्वतःचं घरटं बांधतात. त्यांना दाट झुडूप लागतं.

कोण येणार हे भोक ठरवतं. वल्गुलीला २८ मिमी, चिमणीला ३२ मिमी, साळुंकी नि दयाळला ५० मिमीच्या आसपास. चिमणीच्या पेटीचं भोक ४० मिमीच्या पुढे गेलं की साळुंकी ती बळकावते, आत अंडी असली तरी बाहेर फेकते. "थोडं मोठंच ठेवू, ऐसपैस होईल" हा विचार इथे नडतो.

चिमणीच्या पेटीला १५० मिमी रुंद, १८ मिमी जाड फळी साधारण सव्वा मीटर लागते. तुकडे असे:

मागची फळी ४०० मिमी (वरखाली जास्त राहते, तिथूनच भिंतीला ठोकायची).
दोन बाजू: मागच्या कडेला २५० आणि पुढच्या कडेला २२० मिमी उंच. दोन्ही मिळून ४७० मिमीचा तुकडा घ्या आणि मधोमध तिरका छेद द्या, म्हणजे लाकूड वाया जात नाही.
पुढची फळी २१० मिमी उंच, रुंदी तासून ११२.
तळ १३२ × ११४.
छत वेगळ्या रुंद फळीतून, २०० × २१५.

पुढची फळी हेच पेटीचं दार, ती दोन्ही बाजूंच्या मध्ये बसते. आतली मोकळी रुंदी ११४ आहे, म्हणून फळी ११२ ची; हे २ मिमी सोडले नाहीत तर पहिल्या पावसात लाकूड फुगतं आणि दार कायमचं अडकतं. दाराच्या वरच्या कडेपासून २५ मिमी खाली, दोन्ही बाजूंनी अगदी समोरासमोर, ४० मिमीचा एकेक स्क्रू. तीच बिजागरी. स्क्रू एकाच रेषेत नसतील तर दार तिरकं फिरून अडतं, तेव्हा गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावूनच खूण करा. खाली एका बाजूने तिसरा स्क्रू, तो कुलपासारखा. दारावर राहणारी १० मिमीची फट हवा खेळायला पुरते.

भोकाचा मध्य दाराच्या खालच्या कडेपासून १७० मिमीवर. तळ बाजूंच्या खालच्या कडेपेक्षा ६ मिमी आत उचलून बसवायचा, मग बाजूंवरून ओघळलेलं पाणी तळाच्या कडेतून शोषलं जात नाही. हा हिशेब धरला की तळापासून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत १३० मिमी खोली मिळते. ती कमी झाली तर मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत पोचते. तळाच्या चार कोपऱ्यांत ६ मिमीची चार भोकं, पाणी निचरायला.

रंधाकरवत
मापं चोख आहेत. जोडणीबद्दल माझी भर.

भोक पेटी जोडण्याआधी पाडा. ३२ मिमीचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) एका बाजूने अर्धा घालायचा, मधलं ड्रिल पलीकडे दिसलं की फळी उलटवून दुसऱ्या बाजूने पुरा करायचा. एकाच बाजूने रेटला तर मागच्या तोंडाला लाकडाच्या चिळक्या निघतात आणि त्या पिसांत अडकतात. ड्रिल किंचित तिरकं धरून भोक आतल्या बाजूला चढतं ठेवलं तर पावसाचं पाणी आत वाहत नाही. कडा पॉलिश पेपरने गोल करा.

दाराच्या आतल्या अंगाला मात्र पॉलिश पेपर अजिबात लावू नका. उलट भोकाखाली करवतीने दर सेंटिमीटरला आडव्या खाचा मारा. पिल्लं त्यावर नखं रोवून वर येतात. गुळगुळीत रंधा मारलेल्या पेटीत पिल्लं पंख फुटूनही आतच अडकू शकतात, आणि बाहेरून ते कळतही नाही.

लाकूड: सागवान, पाइन, देवदार काहीही चालेल, जाडी १५ मिमीच्या खाली नको. पातळ फळी उन्हात तापते आणि वाकते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड एका पावसात लापशी होतात. आतल्या वापराच्या प्लायवूडचे थर सुटतात. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं पण त्याला भुंगा लवकर लागतो. खोक्यांचं किंवा पॅलेटचं जुनं लाकूड वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा: "एचटी" म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते घ्या. "एमबी" म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते सोडा.

आत रंग, वॉर्निश, वाळवीचं औषध काहीही नको. बाहेरून जवसाच्या तेलाचा एक हात पुरे, तोही पूर्ण सुकून वास गेल्यावरच पेटी लावायची. रंग द्यायचाच असेल तर पाण्यात मिसळणारा, फिक्या छटेचा. गडद पेटी भट्टी होते.

खिळ्यांऐवजी स्क्रू वापरा. लाकूड ओलं-सुकं होताना खिळे हळूहळू बाहेर सरकतात. छत आणि मागची फळी यांच्या सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवा. पाणी शिरतं ते बहुतेक याच सांध्यातून. एम-सील, सिलिकॉन वगैरेच्या फंदात पडू नका, दोन पावसाळ्यांत चिरतं.

पागोळी
उत्तम माहिती. तीन शंका. भोकाखाली बसायला दांडी सगळ्या तयार पेट्यांना असते, ती तुमच्या मापांत का नाही? मातीची मडकी आणि पुठ्ठ्याची घरटी चालतात का? आणि पेटीत आधीच गवत, कापूस घालून ठेवावा का?

मोजपट्टी
दांडी गिऱ्हाइकाला आवडते म्हणून असते. ढोलीला कुठे दांडी असते? चिमणी थेट भोकाच्या कडेला नखं रोवते. दांडीचा उपयोग होतो तो कावळ्याला, त्याला आरामात उभं राहून डोकावता येतं. तयार पेटी घेतली असेल तर दांडी कापून ते भोक बुजवा.

मडकं चालतं, सावलीत असेल तर. अडचण एवढीच की बहुतेक मडकी उघडत नाहीत आणि गळ्यात हात जात नाही, म्हणजे साफसफाई बंद. बुडाला निचऱ्याची भोकं नसतील तर ते घरटं राहत नाही, पाण्याचं भांडं होतं. पुठ्ठ्याचं घरटं कोरड्या छपराखाली एक हंगाम निघतं, उघड्यावर नाही. प्लास्टिकच्या पेटीत आतून घाम धरतो. ती टाळाच.

आत काहीही घालू नका. जागा पसंत पडली की नर काड्या आणायला लागतो, तो त्यांच्या जोडी जमवण्याचाच भाग आहे. सुतळीचे लांब धागे, मांज्याचे तुकडे, केसांची गुंतवळ परसातसुद्धा पडू देऊ नका. पिल्लांच्या पायाला वेढा बसतो आणि पाय गळतो.

निंबोणी
आता लावायची कुठे. उंची अडीच ते चार मीटर. भोकाचं तोंड दुपारच्या उन्हाकडे नको आणि पाऊस ज्या अंगाने झोडपतो तिकडेही नको. उत्तर गोलार्धात साधारण उत्तर ते पूर्व या पट्ट्यात तोंड ठेवलं की उन्हाचा प्रश्न सुटतो, पावसाची दिशा ज्याची त्याने बघावी. पेटी किंचित पुढे झुकलेली चालेल, मागे कललेली मुळीच नाही.

टांगू नका, ठोका. दोरीवर झुलणारी पेटी पक्षी नाकारतात. झाडाला लावायची तर फांद्यांच्या बेचक्यापासून दूर, आणि तार आवळून बांधू नका. खोड वाढतं तशी तार सालीत रुतते. भोकासमोर दोन-तीन मीटर मोकळा हवाई रस्ता हवा.

चिमण्यांना शेजार आवडतो, एकाच भिंतीवर तीन-चार पेट्या हाताहाताच्या अंतरावर चालतात. दयाळ आणि वल्गुली आपल्या हद्दीत दुसरी जोडी खपवून घेत नाहीत, त्यांची एका परसात एकच.

२०१० पासून २० मार्चला चिमणी दिवस असतो आणि नेमक्या त्याच दिवशी पेट्या वाटल्या जातात. उष्ण भागात चिमण्यांची जागेची शोधाशोध त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. पेटी हंगामाच्या दोन-तीन महिने आधी लागलेली बरी, पक्ष्यांची नजर सरावते. पहिलं वर्ष रिकामं गेलं तरी हलवू नका. दुसरंही गेलं तर आधी भोकाचं माप आणि दुपारचं ऊन तपासा, मग जागा बदला. आणि पेटीजवळ फीडर नको, निदान दहा-बारा मीटर लांब. सतत गर्दी असेल तिथे जोडी अंडी घालत नाही.

दाणापाणी
फीडरचं मी लिहिते. तीन जाती: उघडा ट्रे, उतरत्या टाकीचा हॉपर, आणि नळीचा.

ट्रे सगळ्यात सोपा. ३० × ३० सेंमी, काठ २ सेंमी. तळाला फळी न घालता स्टीलची बारीक जाळी ताणून बसवा, ज्यातून बाजरीचा दाणा पडणार नाही पण पाणी पडेल. फळीच्या ट्रेमध्ये दाणे भिजतात, दोन दिवसांत आंबतात, तिसऱ्या दिवशी मोड येतात. ट्रेमध्ये संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच घालायचं. चार-सहा चिमण्यांना दोन मुठी खूप झाल्या. रात्री उरलेला दाणा म्हणजे उंदरांना आमंत्रण.

हॉपरमध्ये दोन मापं सांभाळा: आतल्या उताराचा कोन ४५ अंशांच्या आसपास आणि तळाची फट. बाजरी, राळा यांना ८ ते १० मिमी, सूर्यफुलाच्या बियांना १५ मिमी. फट मोठी झाली तर सगळा दाणा ट्रेमध्ये येऊन सांडतो, लहान झाली तर दमट हवेत दाणे गच्च बसतात आणि टाकी भरलेली असूनही पक्षी उपाशी. छपराची पुढची कड फटीच्या निदान १० सेंमी पुढे यायला हवी.

नळीच्या फीडरची खोड अशी की सगळ्यात खालच्या भोकाखाली दोन-तीन सेंमी दाणा पडून राहतो. तो कधीच खाल्ला जात नाही, तिथेच बुरशी धरते. तेवढी जागा लाकडी गुटका घालून भरून टाका. बाटलीला चमचे खुपसून केलेले फीडर दिसायला गोड, पण आत हात जात नाही आणि उन्हात वाफ धरते. एक हंगाम झाला की फेकून द्यावेत.

मिश्र दाण्याची तयार पाकिटं घेऊ नका. पक्षी हवं ते उचलतात आणि नको ते उधळतात, खाली सडा पडतो. एका फीडरमध्ये एकच धान्य ठेवा. चिमण्या, मुनियांना बाजरी किंवा राळा. जाड चोचीवाल्यांना सूर्यफूल.

काचेची खिडकी जवळ असेल तर फीडर काचेपासून एक मीटरच्या आत लावा किंवा दहा मीटरच्या पलीकडे. एक मीटरच्या आतून उडालेल्या पक्ष्याला वेगच मिळत नाही, धडकला तरी वाचतो. मधलं अंतर जीवघेणं.

ऊनसावली
माझं मत थोडं वेगळं आहे. दाणा ही शेवटची गरज. आधी पाणी, मग झुडपं, मग जमल्यास फीडर. चिमणीची पिल्लं पहिले काही दिवस जवळजवळ किड्या-अळ्यांवरच वाढतात, दाण्यावर नाही. परसात कीटकनाशक फवारून वर बाजरी टांगणं म्हणजे पिल्लांचं जेवण मारून आईबापांना फराळ वाढणं.

दुसरं म्हणजे रोग. एरवी विखुरलेले पक्षी फीडरवर एकाच ठिकाणी चोच घालतात. १९९४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात हाऊस फिंच पक्ष्यांमध्ये मायकोप्लाझ्मा या जिवाणूने डोळे येण्याची साथ सुरू झाली आणि फीडरच्या भोकांच्या कडांवरून ती पसरायला मदत झाली. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास या परजीवी जंतूने ग्रीनफिंच पक्षी इतके मेले की त्यांची संख्या कोसळली. हा जंतू मुळात कबुतरांच्या घशातला, तो लाळेतून आणि ओल्या दाण्यातून जातो. फीडर धुणार नसाल तर लावू नका, एवढंच म्हणणं.

पाण्याचं भांडं उथळ: कडेला अडीच, मध्यभागी पाच सेंमीच्या वर खोल नको. तळ खरबरीत असावा. चकचकीत असेल तर मध्ये एक चपटा दगड ठेवा. पाणी रोज बदला. डासाची अंडी ते डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून रोज ओतून टाकलं की तो प्रश्न उरत नाही.

दाणापाणी
धुण्याबद्दल शंभर टक्के सहमत. निदान पंधरा दिवसांतून एकदा, दमट हवेत दर आठवड्याला. आधी फीडर पाण्याने ओला करा, मग खरवडा. कोरडी विष्ठा झाडली की तिची धूळ छातीत जाते, त्यामुळे मास्क आणि हातमोजे घालूनच. मग गरम साबणपाणी, त्यानंतर घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग या द्रावणात दहा मिनिटं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरा क्लीनर मिसळायचा नाही, विषारी वायू होतो. भरपूर पाण्याने खळबळून पूर्ण वाळवायचा. "जरा ओलसर आहे, चालेल" असं म्हणून दाणा भरला की सगळी मेहनत पाण्यात. दोन फीडर ठेवले तर एक वाळत असताना दुसरा लावता येतो. स्वयंपाकघरातला ब्रश वापरू नका, वेगळा ठेवा.

पिसं फुगवून बसलेला, माणूस जवळ आला तरी न उडणारा, चोच ओली किंवा डोळे चिकटलेला पक्षी फीडरवर दिसला तर फीडर आणि पाणी दोन्ही त्याच दिवशी उतरवा आणि निदान दोन आठवडे लावू नका. पक्षी पांगले की संसर्गाची साखळी तुटते.

पागोळी
मुंग्या, खारी आणि कबुतरं यांचं काय करायचं?

रंधाकरवत
मुंग्या: फीडर टांगायच्या तारेवर मध्येच पाण्याची छोटी वाटी अडकवा, तार वाटीच्या मधून जाते आणि सांधा सील केलेला असतो. वाटीत फक्त पाणी. तारेला तेल किंवा ग्रीस फासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो वाईट आहे. पिसांना लागलेलं तेल निघत नाही आणि पक्षी भिजायला लागतो.

खार: झाडावर किंवा भिंतीवर लावलेल्या फीडरला इलाज नाही, हे आधी मान्य करा. सुटा लोखंडी खांब, जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास पत्र्याचा उलटा शंकू, व्यास ४५ सेंमी. शंकू किंचित डुलता ठेवा. आजूबाजूच्या फांद्या, कुंपण, वाळत घालायची दोरी तीन मीटर लांब हवी. याच शंकूमुळे मांजर आणि सापही अडतात, त्यामुळे पेटी खांबावर असेल तर तिलाही लावा. पेटीचं भोक खार कुरतडून मोठं करते, त्याला ३२ मिमीच भोक पाडलेली पत्र्याची चकती बाहेरून स्क्रूने बसवा. चकतीची कड कानसीने मारायला विसरू नका.

कबुतरं: ट्रेभोवती ४० मिमी चौकोनांच्या वेल्डेड जाळीचा पिंजरा, ट्रेपासून चारी बाजूंनी निदान १५ सेंमी अंतर ठेवून, म्हणजे बाहेरून मान घालून दाणा गाठता येत नाही. चिमणी आत-बाहेर करते, कबूतर बाहेरच राहतं. खाली सांडलेला दाणा रोज झाडला नाही तर मात्र ते खालीच पंगत मांडतं.

कौलारू
खाण्याबद्दल दोन-चार गैरसमज दूर करायला हवेत. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतात हे खोटं आहे. शेतातलं भात खाऊन कुठला पक्षी फुटत नाही. तांदळाची कणी खुशाल घाला. पावाने पोट भरतं पण पोषण नाही, ओला पाव तर लगेच बुरसतो. खारवलेलं काहीही नको. शेंगदाणे चांगले, पण दमट साठवणीत त्यांवर अस्परजिलस बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते पक्ष्यांच्या यकृतावर जातं. माणसाने खाण्याजोगे, कोरडे, बिनमिठाचेच घ्या. अख्खे न घालता ठेचून घाला, पिल्लाच्या घशात अख्खा दाणा अडकतो.

अंड्याची टरफलं वीण चालू असताना मादीला कॅल्शियमसाठी उपयोगी पडतात. ओव्हनमध्ये १२० अंशांवर वीस मिनिटं भाजून चुरा करा, नाहीतर साल्मोनेला पसरेल.

शिंजिरांसाठी साखरपाण्याचे फीडर विचारले जातात. प्रमाण एक भाग साखर, चार भाग पाणी. मध नको, त्यात बुरशी लवकर धरते, आणि लाल रंग तर मुळीच नको. उन्हाळ्यात दोन दिवसांच्या वर ठेवायचं नाही. एवढं करण्यापेक्षा जास्वंदीसारखं फुलझाड लावलेलं स्वस्त आणि सुरक्षित.

निंबोणी
पेटीच्या साफसफाईचं राहिलंच. हंगाम संपल्यावर वर्षातून एकदा. घरटं पूर्ण काढून बंद पिशवीत टाका, त्यात पिसवा आणि तांबडे माइट असतात. पेटी उकळत्या पाण्याने धुवा, सांध्यांत विशेष. कीटकनाशक, फिनेल, डांबराच्या गोळ्या यांतलं काहीही आत नको. दिवसभर उन्हात उघडी ठेवून मग बंद करा. त्याच वेळी निचऱ्याची भोकं काडीने मोकळी करा आणि भोकाचं माप परत घ्या.

गांधीलमाश्या पेटीत पोळं लावायला लागतात त्या छताच्या आतल्या अंगाला. रिकाम्या पेटीत तिथे साध्या साबणाची कोरडी वडी घासून ठेवा, पोळ्याचा देठ चिकटत नाही.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर: पिसं फुटलेली नसतील तर उचलून परत पेटीत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आईबाप टाकून देतात हे खरं नाही. पिसं फुटलेली असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय, मांजर आत कोंडा आणि त्याला राहू द्या.

पागोळी
चिमण्या एका हंगामात दोन-तीनदा वीण करतात ना? मग मधल्या काळात जुनं घरटं काढायचं का?

निंबोणी
नाही. अंडी उबायला ११ ते १४ दिवस, पिल्लं उडायला पुढे साधारण १४ ते १६, आणि पहिली पिल्लं बाहेर पडल्यावर मादी थोड्याच दिवसांत त्याच घरट्यावर नवी पिसं घालून पुन्हा बसते. मध्ये हात घातलात तर नवी अंडी फुटतील, शिवाय चालू घरटं काढणं अनेक देशांत गुन्हा आहे. पेटीत ये-जा पूर्ण थांबून निदान तीन आठवडे झाले की खालचा स्क्रू काढा. दार किलकिलं करून मोबाइलचा कॅमेरा आत धरा. अंडी दिसली तर फोटोही न काढता बंद करा. थंड पडलेली, काड्यांत अर्धी बुडालेली एखाद-दोन अंडी हंगाम उलटूनही तशीच असतील तर ती वांझ, घरट्याबरोबर काढून टाका.

मोजपट्टी
खालच्या स्क्रूवरून आठवलं: तो स्टेनलेसचाच घ्या आणि बसवताना त्यावर मेणबत्ती घासा. साधा लोखंडी स्क्रू वर्षभरात गंजून डोकं झिजतं, मग दार उघडायला पेटी फोडावी लागते.